बिननावाचा कप्पा

"बाबा, काही बिघडलं तर आधी हात मागे घ्या. नीट करायला जाल, तर होतं नव्हतं तेही जाईल."

लेकीने हे बजावलं होतं, एकाच संगणकात दोन बिऱ्हाडं थाटून देताना. विंडोज वडिलांचं, लिनक्स आईचं. सुरू करताना आपापलं दार निवडायचं, शेजारी नाक खुपसायचं नाही.

पण वडिलांचा उभा जन्म गोदामात भांडारपाल म्हणून गेलेला. चिठ्ठी नसलेलं खोकं दिसलं की त्यांच्या जिवाला घोर. त्या सकाळी विंडोजमध्ये डिस्कचे कप्पे ओळीने दिसले. सगळ्यांना नाव, एकालाच नाही. आणि तोच सगळ्यांत ऐसपैस. "फुकट जागा अडवून बसलाय," म्हणत त्यांनी तो काढून टाकला. मोकळ्या जागेत नवा कप्पा करायला बोट पुढे गेलं, तेवढ्यात बायको आली.

"अहो, उठा आता. ताईंचं आजचं प्रकरण वाचायचंय."

ताई म्हणजे यांची थोरली बहीण. तिची नजर गेल्यापासून रोज आंघोळीनंतर, तोंडात घास घालण्याआधी, कादंबरीचं एक प्रकरण तिच्यासाठी मोठ्याने वाचून आपल्या आवाजात संगणकात साठवायचं, हा बायकोचा नेम. कादंबरी आता संपतच आली होती.

"तुझं सगळं त्या बाजूलाच असतं ना?" यांनी जपून विचारलं.

"हो. तुमच्या बाजूने नुसता बिननावाचा कप्पा दिसतो म्हणे."

लेकीचा आवाज तेव्हा कानात वाजला. त्यांनी हात मागे घेतला, लेकीला फोन लावला आणि काय केलं ते सांगितलं.

"नवा कप्पा केलात? काही भरलंत तिथे?"

"नाही गं."

"मग वाचलात. पाटी काढलीत, माल जागेवर आहे. खणात मी ठेवलेला पेनड्राइव्ह लावा आणि त्याच्यावरून संगणक सुरू करा."

ती सांगत गेली, हे करत गेले. हरवलेले कप्पे शोधणारा प्रोग्राम डिस्क चाचपत निघाला.

"सापडलं तर मी स्वतः ताईला नेऊन देईन," ते बायकोला हळूच म्हणाले. "आणि काय केलं तेही सांगेन."

"तुम्ही? दिसेल ते झाडून टाकता म्हणून त्या 'झाडूमहाराज' म्हणतात, तर तिकडे फिरकत नाही तुम्ही."

"आज तिचं काय चुकलं?"

बायकोने हसू पदरात लपवलं. बोटं मात्र गुंफलेलीच होती.

शेवटी पडद्यावर जुन्या कप्प्याची ओळ उमटली. लेकीने आधी आत डोकावून बघायला लावलं. सगळी प्रकरणं होती. मग त्या कप्प्याची नोंद परत लिहायला सांगितली. संगणक पुन्हा सुरू केला, तर दोन्ही दारं जागच्या जागी.

बायकोने एक प्रकरण लावलं. तिचा संथ आवाज, आणि मध्येच दुरून यांचा, "अगं, माझा चष्मा कुठंय?"

"हे पुसायचं राहिलं का?" ते ओशाळले.

"तुमचं असं काहीतरी प्रत्येकात आहे. ताईंनीच सांगितलंय, राहू दे. तेवढंच मागे नेऊन पुन्हा ऐकतात."

त्यांनी सगळी प्रकरणं दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवली आणि त्याला चिठ्ठी चिकटवली. बायको आजचं वाचायला बसली होती. तिच्या वाचनात खंड पडू नये म्हणून त्यांनी चपला हातातच घेतल्या, दार अलगद ओढलं आणि ते ताईच्या घराकडे निघाले.