अर्धी गोळी

आयेला आवाज हवा असेल तर तिचं अंग हलणार, आणि गोळी कमी करून अंग थांबवायचं तर आवाज जाणार. यातलं एक निवडा, असं खारघरच्या डॉक्टरांनी इतक्या शांतपणे सांगितलं, की त्यांच्या टेबलावरचा प्लॅस्टिकचा मेंदू उचलून आपटावासा वाटला.

पार्किन्सन्समध्ये डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात. मग गोळी घेतली की सेरोटोनिनच्या पेशी मदतीला येतात आणि त्या गोळीचं डोपामिन करून देतात. पण किती सोडायचं, कुठे थांबायचं, हे त्यांना कळत नाही, म्हणून अंग वेडंवाकडं हलतं. "म्हणजे दुसऱ्याच्या बदली कामावर आलेला माणूस," मी म्हणाले. डॉक्टर हसले. मला काही हसू आलं नाही. हलणं कमी करायची दुसरी गोळीही देऊन झाली होती. तिनं आयेला भिंतीवर माणसं दिसायला लागली.

माझी आई बायजा, उलव्याची धवलारीण. आम्हा आगऱ्यांत हळदीला धवलारणीनं धवला गाऊन देवांना बोलवायचं असतं. चाळीस वर्षं आयेनं माइकशिवाय गायलं. मागच्या मेमध्ये एका हळदीत गाताना ती अशी काही डुलली, की कुणीतरी व्हिडिओ काढून 'आजी फुल टाइट' असं लिहून गावभर फिरवला. जन्मात कधी ताडी तोंडाला न लावलेली बाई ती! अकरा जणांच्या मोबाइलमधून मी तो पुसायला लावला. पुसला का, देव जाणे.

आणि आता माझ्या रुतिकाची हळद. धवला आजीच म्हणणार, असा पोरीचा हट्ट.

"आये, या वेळी राहू दे ना."

"नातीचा धवला मी नाय तं कोन म्हननार गो? आंग हालतंय तं हालू दे."

हळद चारला होती. तीनच्या गोळीचे मी सुरीनं दोन तुकडे केले. अर्धा आयेला दिला, अर्धा पदराच्या गाठीत बांधला. हलेल कमी आणि आवाजही राहील, असा माझा अंदाज. मी मोठी डॉक्टर लागून गेले होते ना!

चारला आये पाटावर बसली ती एकदम स्थिर. "बायजाबाय बरी झाली गो!" बायका म्हणाल्या. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मग तिचे ओठ हलायला लागले आणि आवाजच येईना. रुतिकानं तिच्या तोंडाशी कान नेला, तिलाही काही ऐकू आलं नाही. आयेनं मान न हलवता नुसते डोळे माझ्याकडे वळवले. मी जवळ गेले.

"अर्दीच दिलीस ना?" ती नुसत्या ओठांनी म्हणाली. "उरलेली दे."

पदराची गाठ मला सुटता सुटेना. गोळी लागू पडायला चाळीस मिनिटं लागतात. ती तिच्या तोंडात घालून मी डीजे लावणाऱ्या बंडूकडे, माझ्या दिराकडे, धावले. "थांब रे, धवला व्हायचाय."

"झाला ना, वहिनी. सगल्यांनी बघितलं, म्हनत होती ती. पोरं कवाची टेन्शन देतायत."

आणि त्यानं डीजे सुरू केला.

पाच वाजता आयेचे खांदे हलायला लागले, मग मान, मग कंबर. पोरांनी तिच्याभोवती रिंगण धरलं. "आजी एक नंबर!" दहा-बारा मोबाइल वर झाले. मी एकेकाला ढकलत आत घुसले, तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. त्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? आयेला उठवून घरात न्यायचं म्हणून मी तिच्या तोंडाशी वाकले.

ती धवला म्हणत होती. खड्या आवाजात, रुतिकाचं नाव घेऊन. रुतिकाला मांडवाच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणी नाचवत होत्या. मी कान तिथेच ठेवला आणि धवला शेवटपर्यंत एकटीनं ऐकला.