तिसऱ्या मजल्यावरची झोप

सुट्टीचा तिसरा दिवस उजाडला तरी तिने विषय काढला नव्हता. परदेशातून इकडे येणाऱ्या विमानात बसतानाच तिने मनाशी घोकून ठेवलं होतं, की पोचल्यावर पहिल्याच चहाला नवऱ्याला सरळ विचारायचं, ‘पाच वर्षांत परत येऊ म्हणाला होतात. नऊ झाली. आता काय ते बोला.’ पण पहिला दिवस झोपेत गेला, दुसरा जांभया देण्यात, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं पोटभर जेवून रस्त्यावर आले, तेव्हा तिकडची रात्र तिच्या अंगात पार मुरली होती. घोकलेलं सगळं ओल्या कागदासारखं मऊ पडलं होतं. रविवारी परतीचं विमान होतं, म्हणजे हातात चारच दिवस उरले होते.

ती कवळ्या करणारी. आधी याच शहरात, स्टेशनामागच्या एका लॅबमध्ये अकरा वर्षं, आणि आता तिकडे. मेणात एकेक दात बसवायचा, वरचा सुळा केसभर वाकडा ठेवायचा, म्हणजे माणूस हसला की ते हसणं त्याचंच वाटतं, ही तिची खुबी. त्यामुळे परत आल्यापासून ती रस्त्यात लोकांच्या तोंडाकडे बघत चालायची. एखादा म्हातारा फुटपाथवर हसला की हिची मान वळलीच. आपण केलेलं हसू अजून कुणाच्या तोंडात आहे का, हे शोधायचा तिला नादच लागला होता.

नवऱ्याचं उलटं. माणसं त्याला दिसत नसत, त्याला इमारती ऐकू येत. इथे तो लिफ्ट दुरुस्त करायचा, कोपरापर्यंत ग्रीस माखून घरी यायचा. तिकडे त्याचा साहेब झाला होता. खुर्ची, संगणक, इस्त्रीचा शर्ट. तिने परत जायचं नाव काढलं की तो ‘बघू’ म्हणायचा. नऊ वर्षांत इतक्या वेळा ‘बघू’ म्हणाला, की एखाद्याला वाटावं या माणसाला चष्म्याचीच गरज आहे. तो खुर्चीला चिकटला, असं तिचं स्पष्ट मत होतं, आणि ते मत तिने मनात कधीच ठेवलं नव्हतं.

तर ही दोघं हॉटेलकडे निघाली. ऊन पिवळं, गल्ल्या निवांत, दुकानांची शटरं अर्धी ओढलेली. बोलायचं बळ कुणातच नव्हतं. ती त्याच्यामागे चालली होती. तो, हे मागाहून कळलं, तिच्यामागे चालला होता. सव्वीस वर्षांच्या संसारात या दोघांचं असंच चालत आलं होतं. जो तो दुसऱ्याच्या भरवशावर, आणि दोघांनाही वाटायचं की रस्ता समोरच्याला माहीत आहे. कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानाशी वळले, दोन दारं सोडून एका जिन्याच्या तोंडाशी लिफ्ट उभी होती तिच्यात शिरले. त्याने सवयीने लिफ्टच्या दाराला तळहात लावला आणि डोळे मिटले.

“वरची पुली कुरकुरतेय,” तो पुटपुटला.

“कुरकुरू देत,” ती म्हणाली.

हॉटेलातली खोलीही तिसऱ्याच मजल्यावर होती, म्हणून तीनचा आकडा दाबला गेला यात नवल नाही. नवल पुढेच होतं. त्याने खिशातून जुडगा काढला, बोटांनी त्यातली एक किल्ली आपणहून निवडली, कुलपात फिरवली, आणि दार उघडलं. दोघांनी बूट काढून दाराशी नीट जोडीने ठेवले. आत गारवा होता, पडदे ओढलेले होते.

“पडदे बदलले वाटतं हॉटेलवाल्यांनी,” ती म्हणाली.

“चांगलेत,” तो म्हणाला, आणि पलंगावर पडला. पडल्या पडल्या त्याची ब्रह्मानंदी टाळी लागली.

तीही आडवी झाली. खिडकीखालून सायकलची घंटी गेली. भिंतीपलीकडे कुणीतरी नळ सोडला, पाइपातून पाणी खालपर्यंत गडगडत गेलं, आणि तो आवाज तिला इतका ओळखीचा, इतका आपला वाटला, की डोळे मिटलेले असूनही ते भरून आले. मग ती तरंगायला लागली. झोपेत ती लॅबमधल्या आपल्या स्टुलावर बसली होती. समोरच्या ट्रेमध्ये मेणातली हसू ओळीने मांडलेली होती, आणि शहरातले लोक एकेक करून आत येत होते, आपापलं हसू उचलत होते, आणि जाताना तिला म्हणत होते, “आलात का? बरं झालं.” ती सगळ्यांना म्हणत होती, हो, आले. आता कुठे जात नाही. अशी झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती. उठल्याबरोबर विचारायचं, असं तिने झोपेतच पक्कं केलं.

जाग आली तेव्हा दिवस कलला होता. खोलीत अंधार दाटला होता. दिवा लावायला तिने डावा हात उशाशी नेला. नुसती भिंत लागली. तिने हात जरा वर नेला, जरा खाली नेला, आंधळ्या कोशिंबिरीतल्यासारखी भिंत चाचपत राहिली. बटण इथेच तर असतं. रोज इथेच असतं. रोज रात्री पुस्तक मिटलं की ती याच हाताने, न बघता...

तिचा हात भिंतीवर थांबला. ते बटण तिकडच्या घरातलं होतं.

ती तशीच पडून राहिली. शेजारी नवरा कूस बदलून कुरकुरला, “दिवा लाव की गं.” मग डोळे न उघडताच त्याने हात पलंगाबाहेर टाकला, कपाटाच्या पाठीमागे घातला, गुडघ्याएवढ्या उंचीवर मनगट उलटं वळवलं, आणि टक्कन दिवा लागला.

समोरच्या खुर्चीवर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन एक बाई बसली होती.

दोघांची पाचावर धारण बसली. तो उठून उभा राहिला, परत बसला, परत उभा राहिला. तिने पडद्यांकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, ज्या खांबापायी या खोलीत पलंग दुसरीकडे कुठे बसतच नाही, आणि तिच्या तोंडून एवढंच निघालं, “अगंबाई, हे तर आपलं घर.”

“माझं,” बाई म्हणाली. “आठ वर्षं झाली.”

बाई चित्रकलेची शिक्षिका होती, निवृत्त झालेली, एकटीच राहणारी. पुढची दहा मिनिटं दोघं एकदमच बोलत होते. आम्ही इथे राहायचो, किल्ली मालकाला द्यायची राहून गेली होती, मी हिच्यामागे आलो, मी यांच्यामागे आले, आम्ही चांगल्या घरची माणसं आहोत. बाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“पोलिसांना बोलवणार होते,” ती म्हणाली. “फोन हातातही घेतला होता. पण चोर काही बूट जोडीने लावून झोपत नाहीत. आणि तुम्ही दोघं अशी झोपला होतात, की मला उठववेना. तासभर बसलेय.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “तेवढं ते घोरणं आटोक्यात आणा.”

बाईने चहा टाकला. चहा पिताना तिला राहवलं नाही. “एक विचारू? ते बटण मला अजून पहिल्या फटक्यात सापडत नाही. तुम्हाला झोपेत कसं सापडलं?”

“मीच बसवलंय ते,” तो म्हणाला. “कपाट नंतर आलं.” त्याने जुडग्यातून किल्ली काढली, कडी घट्ट होती म्हणून नखाने बराच वेळ झगडला, आणि ती टेबलावर ठेवली. बायको त्याच्याकडे बघत होती. या माणसाला नऊ वर्षं ती खुर्चीला चिकटलेला म्हणत आली होती.

खाली उतरताना लिफ्टमध्ये तो बोलला. भडाभडा बोलला, एरवी महिन्यात बोलत नाही तेवढं.

“परत येऊ या आपण. तू म्हणत होतीस, मी टाळत होतो. भीती वाटायची गं. वाटायचं, आलो आणि इथे आपलं काहीच उरलेलं नसलं, तर मग कुठे जायचं? म्हणून तिकडे नुसता बसून राहिलो. पण आज बघितलंस ना? हात अजून इथलाच आहे माझा. या महिन्यातच कळवून टाकतो ऑफिसला. जुनं वर्कशॉप आहे, कुणीही घेईल मला. तुझी लॅबही आहे. शब्द दिला होता मी तुला, उशिरा का होईना, पाळतो.”

नऊ वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली, ते एवढं सहज समोर आलं. तिला आनंद व्हायला हवा होता. ती आतल्या आत आनंद शोधत राहिली, आणि तिला दिसत राहिलं तिकडचं स्वयंपाकघर, खिडकीतली तिची रोपं, त्यांना पाणी घालायला येणारी शेजारची म्हातारी, तिकडच्या लॅबमधलं तिचं स्टूल, ज्याच्यावर दुसरं कुणी बसलेलं तिला खपत नाही. हे सगळं कधी आपलं झालं, कुणीच तिला सांगितलं नाही. परत जायचंय, परत जायचंय, असं रोज म्हणण्याच्या नादात तिचं लक्षच नव्हतं. आणि आता हा बिचारा शब्द पाळायला निघालाय.

लिफ्ट खाली टेकली. रस्त्यावर दिवे लागले होते, माणसं कामावरून परतत होती.

“काय झालं? बोल ना,” तो म्हणाला. किती वर्षांनी त्याचा चेहरा असा उजळला होता.

“अहो,” ती म्हणाली, “मला घरी जायचंय.”

“चल की. हॉटेल इथेच, पुढच्या गल्लीत—”

“हॉटेलवर नाही.”

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग चेहऱ्यावरचं ते उजळलेलं हळूहळू मावळत गेलं. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिला त्याच्या नजरेला नजर देता येईना.