उदाहरणासह स्पष्ट करा

"रेझिलियंट," मी म्हटलं. "उदाहरणासह!"

आईंनी कुकरचं झाकण लावता लावता विचार केला. "पाहुणे दारात, गॅस संपलेला आणि ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. तरी मी खचले नाही."

"मी शब्दकोडं सोडवत होतो," बाहेरून बाबांचा आवाज आला.

"पैकीच्या पैकी मार्क, आई!"

आई म्हणजे माझ्या सासूबाई. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात टेलिफोन ऑपरेटर. "नमस्कार, कुठे जोडून देऊ?" हे म्हणण्यात त्यांचा जन्म गेला, तोही खिडकी नसलेल्या खोलीत. अख्ख्या गावानं आवाज ऐकला, चेहरा कुणी पाहिला नाही. आता तिथे यंत्र बसणार होतं, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा म्हणणारं. आईंपुढे दोनच वाटा होत्या. घरी बसा, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या स्वागतकक्षासाठी मुलाखत द्या.

"एकदा तरी माणसांची तोंडं बघून बोलायचंय गं," त्या मला म्हणाल्या, तेव्हा मीच त्यांची तयारी करून घ्यायला बसले.

मुलाखत घेणाऱ्या बाई नवीन होत्या. त्यांना उमेदवार फ्लेक्सिबल, अडॅप्टेबल, व्हर्सटाइल असा सर्वगुणसंपन्न हवा होता. हे शब्द माझ्या ऑफिसात ऊठसूट कुणीही कुणाच्याही तोंडावर फेकतं. त्यांचा अर्थ विचारायचा नसतो. पण आईंना पोपटपंची जमेना, म्हणून मी नियम केला की प्रत्येक शब्दाला घरातलं एक उदाहरण द्यायचं. नियम झकास होता. फक्त आमच्या घरात जुळवून घेण्याची जेवढी म्हणून उदाहरणं निघाली, ती सगळी आईंची, आणि जुळवून घेतलेलं कुणाशी, तर बाबांशी!

बाबा तसे देवमाणूस. पण दिवेलागणीला गरम ताट समोर हवं म्हणजे हवं. उशीर झाला तर ओरडत नाहीत, रिकाम्या टेबलापाशी नुसते येऊन बसतात. त्यापेक्षा ओरडलेलं परवडतं.

मुलाखतीहून आई आल्या त्या खुर्चीत धपकन बसल्याच. "घोळ झाला गं. अशी घाबरले की हॉस्पिटलातलं एक उदाहरण आठवेल तर शपथ. मग घरचीच सांगत सुटले."

बाबांचा पेपर खाली आला. "कुठली?"

"सगळी. गॅसचं सांगितलं. तुम्ही हौसेनं भिंत रंगवायला घेतलीत आणि अर्ध्यावर सोडून झोपलात, उरलेली मी रंगवली, ते व्हर्सटाइलला सांगितलं. बाई हसून हसून डोळे पुसत होत्या."

"म्हणजे माझी अब्रू चव्हाट्यावर!"

"अहो, पण नोकरी मिळाली!"

मी आईंना मिठीच मारली. पण त्या काही हसेनात. "ड्यूटी दुपारची आहे. घरी यायला रात्र होणार. बाईंनी शेवटी विचारलं, घरचे फ्लेक्सिबल आहेत का? म्हटलं, विचारून उद्या सकाळी फोन करते."

माझा नवरा फिरतीवर, मी स्वतः घरी उशिरा उगवणारी. तरी 'मी बघते काहीतरी' असं ओठांवर आलं होतं. आईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं. प्रश्न मला नव्हता.

मग मीच मास्तरीण झाले. "बाबा, तुम्ही फ्लेक्सिबल आहात का? उदाहरणासह!"

"हो तर!" बाबा ताठ बसले. "त्या वर्षी नाही का..." थांबले. "एकदा तर मी..." पुन्हा थांबले. वर छताकडे पाहिलं.

"अहो, ते हे नाही का..." आई बिचाऱ्या मदतीला धावल्या, पण त्यांनाही पुढे काही सुचेना. आम्ही दोघी आधी खो-खो हसलो. मग हसू आपोआप ओसरलं. बाबांचे कान लाल झाले होते. मला त्यांची फार दया आली. ते उठून आत गेले.

"जाऊ दे," आई हळूच म्हणाल्या. "घरी बसून काय मरणार आहे का मी?"

सकाळी स्वयंपाकघरात भांड्यांचा धडामधुडुम आवाज झाला म्हणून आम्ही धावलो. बाबा पातेलं घेऊन उभे होते, तांदूळ निम्मे ओट्यावर सांडलेले.

"पाणी किती घालायचं गं?"

"आत्ता कशाला भात?" आईंनी विचारलं.

"संध्याकाळी येऊन तू सांगणार आहेस का? आत्ताच शिकून घेतो."

आई त्यांच्याजवळ गेल्या. मग बोटांनी पाणी दाखवलं, एवढं, आणि फोनकडे गेल्या.

"नमस्कार मॅडम." असा स्वच्छ, ऐटदार आवाज मी त्यांच्या तोंडून घरात कधी ऐकला नव्हता. "हो, विचारलं घरी. आमचे हे अगदी फ्लेक्सिबल आहेत."

पलीकडून बाईंनी काहीतरी विचारलं. तांदूळ धुणारे बाबा पातेलं धरून जागच्या जागी थिजले.

"उदाहरण?" आईंनी वळून पाहिलं. "आहे ना मॅडम, समोरच उभं आहे. भात लावतंय."

बाबांनी मान खाली घातली आणि धुतलेलेच तांदूळ पुन्हा धुवायला घेतले.