एकेचाळीस फुकटचे

संगणकाच्या परीक्षेचा निकाल बाईंनी भिंतीवरच्या पडद्यावर लावला आणि वर्ग गार पडला. हजेरीत शेवटची, एकेचाळीस नंबरची चिमणी चौऱ्याहत्तर गुण मिळवून पहिली आली होती.

चिमणीचा स्वतःचाच विश्वास बसेना. ‘संगणक म्हणजे काय?’ याची व्याख्या तर तिनं कोरीच सोडली होती. नापास झालं तर पुढच्या वर्षी संगणकाच्या खोलीत पाऊल टाकता येणार नव्हतं, तेव्हा गप्प बसण्यातच शहाणपण होतं. पण चुकलेली बेरीज दिसली की तिच्या हाताला खाज सुटायची.

“बाई, बेरजेत हजेरीचा नंबरपण धरला गेलाय.”

“आता तू मला शिकव.”

“तसं नाही बाई. पण माझे एकेचाळीस फुकटचे आहेत.”

बाईंनी तिला पुढं बोलावलं. तिनं सूत्रातून पहिला रकाना काढला, तसे साऱ्या वर्गाचे गुण घरंगळले. चिमणीचे उरले तेहतीस. पास व्हायला पस्तीस लागत.

बाईंनी दोन गुणांसाठी पत्रक या टोकापासून त्या टोकापर्यंत धुंडाळलं. व्याख्येला रकाना होता, नीटनेटकेपणाला होता; बाईंची चूक काढण्याला नव्हता.

“नियम म्हणजे नियम, बाळा,” त्या हळूच म्हणाल्या.

मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गाचे सर दारात आले. त्यांच्याकडेही शेवटचा नंबर पहिला आला होता.

“बाई, तुमची ती नापास झालेली मुलगी जरा पाठवता का?”

“येते की,” चिमणी उठली. “पण याच वर्षी काय ते उरकून घ्या, सर.”