काळ्या काचेवरचं दूध

मी सावली गावच्या दवाखान्यातली काळी काच. अंगावर सहा गोल आणि कान मोठे तिखट. बाकावर कोण काय कुजबुजतं, ते सगळं मला ऐकू येतं.

दोन हजार तीन साली औषधाच्या खोक्यात बसून मी नागपूरहून आले. तापलेल्या माणसाचं रक्त यंत्रात गरगर फिरवतात. वर आलेल्या पिवळ्या पाण्याचा एक थेंब माझ्यावर टाकतात, त्यात दुधासारख्या औषधाचा एक, आणि मला दोन मिनिटं डोलवतात. दूध फाटल्यासारखे कण झाले, तर जंतूंच्या तापाचा संशय. तसंच राहिलं, तर बहुतेक व्हायरल. माझंही चुकतं कधी. म्हणून साधना डॉक्टरीणबाई छातीला नळी लावल्याशिवाय माझं खरं मानत नाहीत. मला त्याचा राग नाही.

एकदा श्रावणात तळ्यावर मासे धरणारा खुशाल आपल्या चार वर्षांच्या लेकीला, पायलला, खांद्यावर घेऊन आला. पोरगी तापाने मलूल. मागे त्याची आई गुणाबाई, काखेत अंथरुणाची वळकटी. चंद्रपूरला भरती करावं लागणार, असं घरूनच धरून आलेले. जीप दाराशी उभी.

"बाई, आधी एक सुई मारा," खुशाल म्हणाला.

"आधी बघू तर द्या," म्हणत डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं. थोड्या वेळाने मला हातात धरून डोलवू लागल्या. गुणाबाईने मान पुढे घातली.

"हे काय करून राह्यल्या, बाई?"

"दूध फाटतंय का बघते, मावशी."

"मंग मले पाहू द्या. फाटलेलं दूध मले नोका शिकवू."

खुशाल खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्याने बघवेना.

"नाई फाटलं," गुणाबाई डॉक्टरीणबाईंच्या आधी बोलून मोकळी झाली.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा छाती ऐकली, घसा पाहिला. "भरती नको. तापाचं औषध देते, पाणी पाजत राहा. धाप लागली, नाहीतर पाणी पिईना, तर लगेच उचलून आणा."

"अन् सुई?" खुशाल म्हणाला.

"तुले पायजे तं तू घे," गुणाबाई म्हणाली. "पोरीच्या रक्तानं सांगतलं ना."

जीप चंद्रपूरला न जाता सावलीहूनच माघारी वळली.

चार दिवसांनी पायल आपल्या पायांनी आली, आणि मलाच हातात मागू लागली. बाकावर गुणाबाई बायांना सांगत होती, "आल्या आल्या सुई नोका मागू. आधी काच हालवाले सांगा."

आता माझा एक कोपरा टवकलाय. तरी मी कामावर आहे. ताप घेऊन येणाऱ्यांनो, मला दोन मिनिटं द्या, लोटालोटी करू नका. आणि माझ्यावर काहीच घडलं नाही, तर तोंड पाडून बसू नका. त्याहून गोड बातमी माझ्याकडे दुसरी नाही.