मला कसर लागली नव्हती

मी एक जुना कागद आहे. माझ्यावर संत अपोलोनियाचे चित्र छापलेले आहे, निदान होते. मित्रांनो, आज मी रागावून बोलणार आहे, तेवढे सांभाळून घ्या.

व्हेनिसच्या बास्तियानो नावाच्या कारागिराने तांब्याच्या पत्र्यावर माझे चित्र कोरले. छळ करणाऱ्यांनी या संतिणीचे दात पाडले होते, म्हणून दात दुखला की आमची माणसे तिलाच हाक मारतात. तिच्या हातात चिमटा असतो आणि चिमट्यात दात. कोरताना बास्तियानोची स्वतःची दाढ ठणकत होती, त्यामुळे तिच्या चेहऱ्यावरची कळ अगदी खरी उतरली.

पुढे एका फेरीवाल्याने मला उंब्रियाच्या डोंगरातल्या खेड्यात आणले. तिथल्या छोट्या चर्चमध्ये मला फळीवर चिकटवले. रीत अशी, की आधी माझ्या गालावर अंगठा टेकवायचा, मग तोच आपल्या दुखऱ्या गालावर. साठ वर्षे मेंढपाळ, सुईणी, रडवेली पोरे येत राहिली. माझा चेहरा झिजला, चिमट्यातला दात पुसट झाला. मला त्याचा अभिमानच होता.

मग बिशप येणार असे कळले आणि फादर गास्पारेंची धांदल उडाली. त्यांनी शहरातून चित्रकार बोलावला. त्या शहाण्याने नाक मुरडले आणि कागदाला कसर लागली आहे म्हणाला. कसर! माणसांच्या अंगठ्यांना हा कसर म्हणतो! त्याने मला गुलाबी, हसरा चेहरा दिला. दात त्याला ओळखूच आला नाही. त्याने चिमट्याचा देठ केला आणि वर एक कळी काढली. मग मला फळीवरून सोडवून समोरच्या भिंतीवर सोनेरी चौकटीत बसवले, वर काच आली. बिशपसाहेबांनी मान डोलावली.

आज सकाळी ओर्सोलाआजी आली. लहानपणी तिची आई तिला उचलून माझ्यापुढे धरायची. आता तिची शेवटची दाढ सुजली आहे. फळी रिकामी पाहून ती गोंधळली.

"फादर, आमची अपोलोनिया कुठाय?"

"आजी, ही काय तुमच्यासमोर. किती छान दिसतेय बघा."

आजीने मला निरखून पाहिले.

"हिचा कधी दात दुखलाय असं वाटत नाही. हिला मी काय सांगू?"

गाल धरून ती बाहेर पडली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण त्या कशाने झिजल्या हे आधी विचारा. आजी हळू चालते, अजून उतारावरच असेल. कोणीतरी ही काच काढा आणि तिला हाक मारा.