साडेदहा जोड्या

एडिनबराच्या संसदेत जे बोललं जातं ते उतरवून घ्यायचं, हे माझं काम. तेवीस वर्षं तेच करते आहे. सभासद वाक्यं अर्धी टाकून देतात, ती मी पुरी करते. ते खोकतात, खाकरतात, ते मी गाळते. बोलायची मात्र मला परवानगी नाही. काही अडलंच तर चिठ्ठी लिहायची आणि चिटणिसाच्या हाती साक्षीदाराकडे पाठवायची: गावाचं नाव कसं लिहितात, मेंढीची जात कोणती, एवढंच. अंगात चौकसपणा भरपूर आणि तोंडाला कुलूप, असा माझा जन्म.

कुत्र्यांकरवी होणाऱ्या शिकारीवर बंधन घालणारं विधेयक समितीपुढे होतं. त्या मंगळवारी साक्षीला वॉटी टेल्फर आला. दक्षिणेकडच्या डोंगरातला, सत्तरी ओलांडलेला, शिकारी कुत्र्यांचा कळप पाळणारा माणूस. लाल कोट, घोडे, बिगूल असला थाट त्याच्याकडे नाही. कोकरं जन्मायच्या दिवसांत मेंढपाळ बोलावतात, हा कळप घेऊन पायी जातो, खडकांतून कोल्हा हुसकावतो आणि वर दबा धरलेले बंदूकवाले त्याला टिपतात. विधेयक म्हणत होतं, दोनपेक्षा जास्त कुत्रे नकोत. ते तसंच मंजूर झालं तर वॉटीचा कळप मोडणार होता.

खरं सांगायचं तर मी कोल्ह्याच्या बाजूची. माझ्या मागच्या अंगणात एक कोल्हीण येते, तिच्यासाठी मी कोंबडीची हाडं ठेवते आणि शेजारणीच्या शिव्या खाते. पण हा म्हातारा मला बघताक्षणी आवडला. बैठकीआधी चहाच्या टेबलापाशी तो सॉसेज घातलेला पाव खात उभा होता.

"तुम्ही कसल्या साक्षीला आलात?" त्यानं मला विचारलं.

"मी फक्त लिहून घेते."

"मग नीट लिही हं, पोरी." मला, अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला, पोरी! "या लोकांना वाटतं, सगळे कुत्रे सारखेच. आमच्याकडे अक्कल असते ती कुत्र्यांना नाही, कळपातल्या बायांना. आमची रूबी बघशील तर खडकातला वास अर्ध्या मैलावरून काढते. हे कुत्रे म्हणजे नुसते भुंकायला."

मी हसले आणि आत जाऊन बसले.

समितीत नऊ जण. चौघे विधेयक आहे तसं हवं म्हणणारे, चौघे त्यात सूट मागणारे. नववा कॉल्म गिलीज, पश्चिमेच्या बेटावरचा, घरी स्वतःच्या मेंढ्या असलेला, आणि कुठल्याच बाजूला लवकर न कलणारा. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. त्यानं चष्मा पुसला.

"टेल्फर, आडवळण नको. मला कळपाचं वावडं नाही, फौजेचं आहे. तुमच्याकडे कुत्रे किती?"

"कुत्रे? सहा."

"सहाच?"

"सहाच. जास्त ठेवून करायचं काय? गोंगाट नुसता."

गिलीजचा चेहरा खुलला. "मग अध्यक्षबाई, सहापर्यंतच्या पायी कळपांना मुभा द्यावी, अशी दुरुस्ती मी मांडणार आहे."

सूट मागणाऱ्यांपैकी एकानं टेबलाखाली आनंदानं मूठ आवळलेली मला दिसली. पाच विरुद्ध चार. सहा कुत्र्यांचा का होईना, कळप टिकत होता.

तेवढ्यात अध्यक्ष शोना रॅटरी कागद चाळायला लागल्या. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. वॉटीनं आधी पाठवलेलं लेखी निवेदन मी वाचलं होतं. त्यात पहिल्याच परिच्छेदात होतं, 'साडेदहा जोड्या'. मला ती टंकनाची चूक वाटली होती. आता हिशेब डोक्यात आपोआप झाला: एकवीस. आणि चहाच्या टेबलावरचं बोलणं आठवलं. कुत्रे वेगळे, बाया वेगळ्या. म्हातारा खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलं ते त्यानं सांगितलं होतं. पण रॅटरीबाईंनी ती ओळ मोठ्यानं वाचली असती तर समितीची दिशाभूल केल्याचा ठपका त्याच्या कपाळी बसला असता.

मी चिठ्ठी लिहिली. गावाच्या नावापलीकडचं काही मी तेवीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. ती चिटणिसाच्या हाती दिली.

मला वाटलं होतं, तो वाचेल आणि आपणहून खुलासा करेल. त्यानं चिठ्ठी हातभर लांब धरली आणि थेट माइकमध्ये वाचली.

"'कुत्रे म्हणजे फक्त नर का?' अहो, मग आणखी काय असणार? कुत्रे ते नर, कुत्र्या त्या माद्या."

हशा पिकला. रॅटरीबाईंनी मान वर केली. "मग कुत्र्या किती?"

"पंधरा. एकूण साडेदहा जोड्या. लिहून दिलंय की मी."

"साडे म्हणजे? अर्धी जोडी कशी असते?"

"अर्धी म्हणजे एक. शिकारीचा कळप जोडीनंच मोजतात, बाई. एकेकटं कुणी मोजत नाही."

"तुम्ही मला सहा म्हणालात," गिलीज म्हणाला.

"तुम्ही कुत्रे विचारलेत."

पुन्हा कुणीतरी हसलं. गिलीज हसला नाही. त्यानं पेनाला टोपण लावलं. "एकवीस म्हणजे फौज झाली. माझी दुरुस्ती मी मांडत नाही." हेही मी उतरवून घेतलं. माझं काम ते.

बैठक उठल्यावर मी वॉटीला जिन्यात गाठलं. "ती चिठ्ठी माझी होती. माझं चुकलं."

"काय चुकलं? खरं तेच विचारलंस."

"मी गप्प बसले असते तर सहा तरी राहिले असते."

त्यानं कठड्याला टेकून बाहेरच्या डोंगराकडे पाहिलं. "आणि मी घरी जाऊन रूबीला काय सांगितलं असतं? तुला मोजलंच नाही म्हणून?" मग टोपी घातली. "वाईट वाटतंय मला. नाही असं नाही. पण तुझ्यावर राग नाही, पोरी."

संध्याकाळी मला राहवलं नाही. सामान आवरणाऱ्या रॅटरीबाईंना मी विचारलंच, "बाई, टेल्फरच्या कागदात तुम्हाला काय सापडलं होतं?"

"टेल्फरच्या?" त्यांनी पर्स बंद केली. "मी तर पुढच्या साक्षीदाराचं नाव शोधत होते."

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मी ज्या संकटातून त्याला वाचवलं ते आलंच नव्हतं.

साक्षीदाराला त्याच्या जबाबाचा कच्चा मसुदा दुरुस्तीसाठी पाठवायची पद्धत आहे. 'एकवीस कुत्रे' असं मी सरळ करून लिहिलं होतं. वॉटीनं ते खोडून पेन्सिलीनं वर लिहिलं, 'सहा कुत्रे, पंधरा कुत्र्या'. बाकी अक्षराला हात लावला नाही. मी ते तसंच छापलं.

विधेयक दोनच्या अटीसकट मंजूर झालं. पुढच्या वसंतात माझ्या नावानं एक पोस्टकार्ड आलं. अक्षर पेन्सिलीचं.

'साडेनऊ जोड्या आयर्लंडला गेल्या. माणसं चांगली आहेत, मी स्वतः जाऊन बघून आलो. एक जोडी ठेवली, रूबी आणि तिची लेक. आता तुमच्या संसदेतून कुणी फोन करून विचारलं, टेल्फर, कुत्रे किती, तर पोरी, मी खरं तेच सांगणार. एकही नाही.'